श्रीनिवास शास्त्री : शाळेच्या पैशाचा हिशेब मागणारा शिक्षक

कावेरीच्या सुपीक खोऱ्यातील कुंभकोणम हे देवळांचे गाव म्हणून ओळखले जाते. मराठी माणसाला त्या परिसराची आणखी एक ओळख आहे. १६७६ पासून १८५५ पर्यंत तंजावरला भोसल्यांचे राज्य होते आणि त्या राज्याच्या आश्रयाने गेलेली अनेक मराठी घराणी कुंभकोणमच्या आसपास कायमची स्थायिक झाली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तिन्ही संस्थानांचे दिवाणपद भूषविणारे सर टी. माधवराव हे याच गावचे. कुंभकोणमलगत अमृतकलशनाथाच्या शिवमंदिराचे साक्कोट्टै आहे आणि त्याच टापूत वलंगैमान नावाचे लहानसे गाव आहे. त्या गावी, भाताच्या शेतांनी वेढलेल्या एका गरीब वैदिक घरात, २२ सप्टेंबर १८६९ रोजी श्रीनिवास शास्त्री यांचा जन्म झाला. पुढे जगभर रजतजिव्ह वक्ते म्हणून गाजलेले, प्रिव्ही कौन्सिलचे सभासद झालेले आणि पुण्याच्या भारत सेवक समाजाची धुरा गोखल्यांच्या पश्चात वाहणारे शास्त्री मुळात शाळामास्तर होते. त्यांची भाषणे आज फारशी वाचली जात नाहीत. शाळेसाठी सरकारी तिजोरीतून किती पैसा येतो, तो कोठे जातो आणि शिकविणाऱ्याच्या हाती काय पडते, हा त्यांच्या आयुष्यभर पाठीशी राहिलेला प्रश्न मात्र अजून जुना झालेला नाही.

वडील शंकरनारायण शास्त्री हे वेदविद्येवर निर्वाह करणारे. घरात पुस्तके होती, पैसा नव्हता. अशा घरातील मुलाला इंग्रजी शिक्षण मिळणे हे सर्वस्वी जवळपास शाळा आहे की नाही यावर अवलंबून असे. कुंभकोणमला ती होती. तेथील नेटिव्ह हायस्कुलात त्यांचे शिक्षण झाले आणि पुढे सरकारी कॉलेजही गावातच मिळाले. १८५४ साली एक शाळा म्हणून निघालेल्या या संस्थेला विल्यम आर्चर पोर्टर आणि तंजावरी मराठी घराण्यातील रावबहादूर टी. गोपाळराव या दोन शिक्षकांनी एवढी उंची दिली होती, की लोक तिला दक्षिणेचे केंब्रिज म्हणत. सरकारने एका तालुक्याच्या गावी खर्च केला, दोन चांगले शिक्षक तेथे टिकले आणि त्यामुळे एका पुरोहिताचा मुलगा इंग्रजी व संस्कृत या दोन्ही विषयांत प्रावीण्य मिळवून पदवीधर झाला. सार्वजनिक पैशाने काय घडू शकते, याचा पहिला धडा शास्त्रींना असा स्वतःच्या आयुष्यातच मिळाला.

पदवीनंतर, १८८८ च्या सुमारास, ते मायवरम येथील नगरपालिकेच्या शाळेत शिक्षक झाले. मायवरम म्हणजे आताचे मयिलादुतुरै. तेथून काही वर्षांनी ते सेलमच्या म्युनिसिपल कॉलेजात गेले. या दोन्ही संस्था नगरपालिकेच्या होत्या, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. १८८२ साली नेमलेल्या हंटर आयोगाने प्राथमिक शाळा नगरपालिका आणि स्थानिक मंडळांकडे सोपवाव्यात व उच्च शिक्षणातून सरकारने हळूहळू अंग काढून घ्यावे, अशी दिशा दाखविली होती. याच आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी निवेदन देऊन, रयतेच्या करातून जमलेला पैसा वरच्या वर्गाच्या शिक्षणावर खर्ची पडतो आणि खेड्यातील प्राथमिक शाळा कोरडी राहते, हे परखडपणे मांडले होते. सरकारने जबाबदारी स्थानिक संस्थांकडे दिली. तिच्या प्रमाणात उत्पन्नाची साधने मात्र दिली नाहीत. नगरपालिकेची मिळकत तुटपुंजी, आणि रस्ते, पाणी, साफसफाई, दवाखाना या सर्वांच्या रांगेत शाळा उभी. अंदाजपत्रकात ओढाताण झाली की कात्री कोठे चालवावी हा प्रश्न पडे, आणि ज्याच्या अभावी दुसऱ्याच दिवशी ओरड होत नाही असे खाते म्हणजे शिक्षण. नळ बंद पडला तर गाव धावून येते, शिक्षकाची एक जागा रिकामी राहिली तर वर्ष उलटेपर्यंत कोणाच्या ध्यानात येत नाही.

१८९४ साली शास्त्री मद्रासच्या ट्रिप्लिकेन भागातील हिंदू हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले. तेव्हा त्यांचे वय पंचवीस होते. शिस्त, वेळ आणि भाषेची शुद्धता याबाबत ते कठोर असत. एखाद्या शब्दाचा नेमका अर्थ सापडेपर्यंत वर्ग पुढे जात नसे. त्यांच्या हाताखाली शाळेचा लौकिक वाढला. परंतु मुख्याध्यापकाच्या खुर्चीवरून त्यांना वर्गाइतकेच शिक्षकांच्या खोलीतले चित्रही दिसत होते. त्या काळी खाजगी अनुदानित शाळेतील शिक्षकाला निवृत्तिवेतन नसे, नोकरीची शाश्वती नसे आणि चालकांची मर्जी फिरली तर दाद मागायला जागा नसे. विद्वान पदवीधर वकिलीकडे किंवा सरकारी कचेरीकडे वळत. शाळेत राहणाऱ्याकडे लोक एक तर त्यागी म्हणून पाहत किंवा दुसरे काही न जमलेला म्हणून.

या परिस्थितीला शास्त्रींनी दोन उत्तरे शोधली आणि दोन्ही संघटनेची होती. मद्रासमधील शिक्षकांना एकत्र आणणाऱ्या टीचर्स गिल्डच्या संस्थापकांत ते होते. गिल्डने दोन कामे एकत्र ठेवली. अध्यापनपद्धती, अभ्यासक्रम, परीक्षा यांवर निबंध वाचायचे आणि चर्चा करायची. त्याच व्यासपीठावरून शिक्षकांच्या वेतनाचा व सेवाशर्तींचा प्रश्न मांडायचा. दुसरे उत्तर १९०४ साली उभे राहिले. ट्रिप्लिकेन अर्बन को-ऑपरेटिव्ह सोसायटी या ग्राहक भांडाराच्या संस्थापकांतही शास्त्री होते. पगार वाढविणे शिक्षकाच्या हाती नव्हते. त्या पगारात धान्य वाजवी भावाने आणि चोख मापाने मिळावे एवढे तरी एकत्र येऊन साधता येत होते. देशातील ग्राहक सहकारी चळवळीच्या आरंभीच्या संस्थांत या भांडाराची गणना होते.

शिक्षकांच्या संघटनेविषयी त्या काळीही दोन टोकांची मते होती. एका मताने, गुरूने पैशाचे नाव काढणे म्हणजे गुरुत्वाला बट्टा लावणे होते. दुसऱ्या मताने संघटना म्हणजे केवळ आपल्या हक्काची पावती फाडण्याचे साधन होते. शास्त्रींचा मार्ग या दोहोंपासून निराळा होता. शिक्षकाने आपली मागणी शाळेच्या गरजेशी जोडून मांडावी, म्हणजे ती समाजाला ऐकावी लागते, या समजुतीने ते चालले. उपाशी शिक्षकाकडून चांगल्या अध्यापनाची अपेक्षा करणे जितके अन्यायाचे, तितकेच वर्गाकडे दुर्लक्ष करून वेतनाचा आग्रह धरणे दुबळेपणाचे, हे त्यांच्या कृतीतून दिसत राहिले.

महाराष्ट्रात याच सुमारास शिक्षकांच्या एका संस्थेने असाच पेच अनुभवला होता. पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य ठरावीक अल्प वेतनावर काम करीत. त्या वेतनाबाहेर सदस्याने मिळकत करावी की नाही, बाहेरच्या सार्वजनिक कामाला वेळ द्यावा की नाही, यावरून मतभेद विकोपाला गेले आणि १८९० च्या अखेरीस लोकमान्य टिळकांनी राजीनामा दिला. गोपाळ कृष्ण गोखले संस्थेत राहिले. फर्ग्युसनमध्ये गणित, इंग्रजी, इतिहास आणि अर्थशास्त्र शिकवीत त्यांनी आपली वर्षे पुरी केली आणि १९०२ साली ते निवृत्त झाले. त्याच वर्षी मध्यवर्ती कायदेमंडळात त्यांनी अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. सरकार शिलकीचा अभिमान मिरवीत होते. गणिताच्या या प्राध्यापकाने आकडे मांडून दाखविले, की ही शिल्लक जनतेच्या सुबत्तेतून आलेली नसून गरजेपेक्षा अधिक कर घेतल्यामुळे उरलेली आहे. लष्कर आणि शिक्षण यांवरील खर्चाची त्यांनी केलेली तुलना सरकारला झोंबणारी होती.

ट्रिप्लिकेनच्या मुख्याध्यापकाला या गणिताने ओढून घेतले. जून १९०५ मध्ये गोखल्यांनी पुण्यास भारत सेवक समाजाची स्थापना केली. तिचे नियम शास्त्रींच्या वाचनात आले, १९०६ मध्ये कलकत्त्याच्या काँग्रेसच्या वेळी भेट झाली आणि १९०७ च्या आरंभी, नावारूपाला आणलेली शाळा सोडून, ते सभासद झाले. वय सदतीस, पाठीशी कुटुंब, आणि हाती येणार होते ते निर्वाहापुरते मानधन. स्थिर नोकरी सोडण्याचा हा निर्णय घरच्यांना सोपा गेला नसणार. आता त्यांचा वर्ग मोठा झाला होता, एवढाच फरक.

गोखल्यांनी १९१० मध्ये सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा ठराव मांडला आणि १६ मार्च १९११ रोजी विधेयक सादर केले. ते अतिशय सावध होते. सरकारच्या संमतीने स्थानिक संस्थांनी आपल्या हद्दीत सक्ती लागू करावी, तीही जेथे आधीच पुरेशी मुले शाळेत येत असतील तेथेच. प्रथम ती सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांपुरती असावी आणि अत्यंत गरीब पालकांकडून फी घेऊ नये, असे त्याचे स्वरूप होते. खर्चाचा दोन तृतीयांश भार सरकारने आणि एक तृतीयांश भार स्थानिक संस्थेने उचलावा, अशी गोखल्यांची अपेक्षा होती. भारत सेवक समाजाने या विधेयकासाठी लोकमत जागविण्याचे काम केले. मार्च १९१२ मध्ये विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. विरोध करणारे सगळे इंग्रज अधिकारी नव्हते. काही हिंदी सभासदांनाही खर्चाची आणि शिकलेल्या मजुराची धास्ती वाटली. शिक्षणाला तत्त्वतः कोणीच विरोध करीत नाही. पैशाचा विषय निघाला की मात्र सभागृह विभागते, हे त्या दिवशी उघड झाले.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले गेले. त्यांच्या जागी समाजाच्या सभासदांनी शास्त्रींची निवड केली. पुण्यात स्थापन झालेल्या, बहुतांशी मराठी कार्यकर्त्यांच्या संस्थेने एका तमिळ शिक्षकाला आपला प्रमुख केले आणि तो १९२७ पर्यंत त्या पदावर राहिला. त्यानंतर ती जबाबदारी गोपाळ कृष्ण देवधरांकडे गेली. या काळात शास्त्री मध्यवर्ती कायदेमंडळात गेले. फेब्रुवारी १९१९ मध्ये रौलट विधेयकांविरुद्ध त्यांनी केलेले भाषण त्या सभागृहातील अत्युत्कृष्ट भाषणांत गणले जाते.

मवाळ पक्षाचे म्हणून शास्त्रींनी माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांचे स्वागत केले आणि त्यासाठी स्वकीयांचा रोषही पत्करला. या सुधारणांनी प्रांतांत शिक्षणखाते लोकनियुक्त हिंदी मंत्र्यांकडे आले. अर्थखाते मात्र राखीव राहिले. मंत्र्याच्या हाती शाळा आली आणि तिजोरीची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला राहिली. मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने १९१८ मध्येच नगरपालिकांना सक्तीचे शिक्षण लागू करण्याची मुभा देणारा कायदा झाला होता; पाठोपाठ इतर प्रांतांतही कायदे झाले. परंतु महायुद्धानंतरची आर्थिक ओढ, १९२२-२३ मधील इंचकेप समितीच्या काटकसरीच्या शिफारशी आणि पुढे १९२९ नंतरची जागतिक मंदी यांमुळे कायद्याच्या कागदाला पैशाचे पाठबळ क्वचितच मिळाले. ज्या योजनेवर शास्त्रींनी भरवसा ठेवला, तिची ही उणीव शाळांनी भोगली. त्यांच्या चरित्रातील ही बाजू झाकण्याचे कारण नाही.

शाळेच्या हिशेबाचा त्यांचा सर्वांत मोठा लढा मात्र समुद्रापलीकडे व्हायचा होता. १९२७ च्या केपटाउन करारानंतर, महात्मा गांधींच्या आग्रहावरून, शास्त्री दक्षिण आफ्रिकेत भारत सरकारचे पहिले एजंट म्हणून गेले. करारात तेथील हिंदी रहिवाशांच्या उन्नतीचे आश्वासन होते आणि शास्त्रींनी त्यातला शिक्षणाचा धागा घट्ट धरला. नाताळ प्रांतात उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून गेलेल्यांची मुले-नातवंडे होती. त्यातील मोठा भाग शाळेबाहेर होता. ज्या शाळा होत्या त्या बहुतेक मिशनऱ्यांनी किंवा समाजाने चालविलेल्या, अनुदानावर कशाबशा तगलेल्या. हिंदी शिक्षकाचे वेतन गोऱ्या शिक्षकाच्या तुलनेने फारच कमी होते. या शिक्षकांनी १९२५ साली नाताळ इंडियन टीचर्स सोसायटी ही आपली संघटना काढली होती. मद्रासच्या गिल्डमध्ये घडलेल्या माणसाला त्यांची गाऱ्हाणी नवी नव्हती.

शास्त्रींच्या प्रयत्नाने १९२८ मध्ये नाताळमधील हिंदी शिक्षणाची चौकशी करण्यासाठी समिती बसली आणि तिच्या मदतीला भारतातून शिक्षणतज्ज्ञ बोलाविण्यात आले. तेथे जी गोष्ट पुढे आली ती कोणाही शाळाचालकाच्या ओळखीची वाटेल. मध्यवर्ती सरकार प्रत्येक हिंदी विद्यार्थ्यामागे प्रांताला सुमारे सव्वापाच पौंड अनुदान देत होते. गोऱ्या मुलामागे मिळणारे अनुदान त्याच्या दुपटीहून अधिक होते. आणि हिंदी मुलांच्या नावे आलेली ही अपुरी रक्कमसुद्धा प्रांत पूर्णपणे त्यांच्या शाळांवर खर्च करीत नव्हता. ज्या मुलांना आधीच कमी मिळत होते, त्यांच्या वाट्यातूनच बचत होत होती. शास्त्रींनी हा विषय आकड्यांच्या भाषेत, सभ्य पण न चुकविता येणाऱ्या रीतीने लावून धरला. रंगभेदावर नैतिक व्याख्यान दिले असते तर ते कानाआड करता आले असते. खात्यावरच्या रकमेचा हिशेब मागितला तेव्हा उत्तर द्यावे लागले.

त्यासोबतच त्यांनी डर्बन येथे हिंदी मुलांसाठी उच्च माध्यमिक शिक्षणाची आणि शिक्षक तयार करण्याची संस्था काढण्याचा संकल्प केला. बांधकामाचा खर्च हिंदी समाजाने वर्गणीतून उभारायचा आणि इमारत प्रांतिक सरकारच्या स्वाधीन करून दैनंदिन खर्च सरकारने करायचा, अशी योजना ठरली. शास्त्री गावोगाव हिंडले. व्यापाऱ्यांनी मोठ्या रकमा दिल्या, साध्या कामकऱ्यांनीही आपापल्या परीने भर घातली. कर भरूनही मताधिकार नसलेल्या लोकांनी सरकारचे कर्तव्य आपल्या खिशातून पुरे करावे, यात अन्याय होताच. तो अन्याय मान्य करूनही मुलांचे एक वर्षही आणखी वाया घालवायचे नाही, हा शास्त्रींचा निर्णय होता. त्यावर तेव्हा टीका झाली आणि आजही मतभेद होऊ शकतो. १९२८ मध्ये कोनशिला बसली, १९२९ मध्ये गव्हर्नर-जनरल अर्ल ऑफ अ‍ॅथलोन यांच्या हस्ते संस्थेचे उद्घाटन झाले आणि समाजाने तिला शास्त्री कॉलेज हे नाव दिले. भारतातून पदवीधर शिक्षक तेथे गेले. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या विद्यार्थ्यांतून पुढच्या पिढीचे शिक्षक, वकील, डॉक्टर निघाले आणि वर्णभेदाविरुद्ध उभे राहिलेले कार्यकर्तेही. शास्त्रींची केपटाउन करारावरील मवाळ श्रद्धा त्या पिढीने स्वीकारली नाही. शाळा मात्र आपली मानली.

मायदेशी परतल्यावर गोलमेज परिषदांच्या धामधुमीनंतर शास्त्री पुन्हा आपल्या मूळ व्यवसायाकडे वळले. १९३५ ते १९४० या काळात ते चिदंबरम येथील अण्णामलै विद्यापीठाचे कुलगुरू होते. मायवरमपासून चिदंबरम फार दूर नाही. पालिका शाळेतील एका साहाय्यक शिक्षकाला हा प्रवास करायला मात्र अर्धे शतक लागले. याच काळात त्यांनी आपल्या गुरूचे, गोखल्यांचे, चरित्र इंग्रजीत सिद्ध केले. अखेरच्या वर्षांत वाल्मीकिरामायणावर दिलेल्या व्याख्यानमालेला मद्रासचे रसिक दाटीने जमत. जानेवारी १९४६ मध्ये मद्रासला आलेले गांधीजी त्यांच्या रुग्णशय्येपाशी भेटीला गेले. राजकारणात दोघांचे मार्ग कधीच वेगळे झाले होते, स्नेह तुटला नव्हता. १७ एप्रिल १९४६ रोजी शास्त्रींचे निधन झाले. स्वातंत्र्य त्यांना पाहता आले नाही.

शास्त्रींच्या काळानंतर बरेच काही बदलले. शिक्षकांना निवृत्तिवेतन मिळाले, विधान परिषदेत शिक्षकांचे स्वतंत्र मतदारसंघ आले, संघटनांना बळ आले, आणि सहा ते चौदा वयाच्या मुलांना मोफत शिक्षण हा मूलभूत हक्क झाला. गोखल्यांच्या तेरा मतांचे शतकानंतर असे चीज झाले. तरी वेतनेतर अनुदान थकणे, मंजूर जागा रिकाम्या राहणे, पटसंख्येच्या हिशेबात मातृभाषेच्या शाळेचे वर्ग मिटणे, हे शब्द मराठी शाळांच्या पालकांना परके नाहीत. अशा वेळी शिक्षकांचे आंदोलन केवळ शिक्षकांचे राहिले, तर गावाला ते सुट्टीसारखे वाटते. पालक आणि माजी विद्यार्थी शाळेच्या अंदाजपत्रकाचे पान उघडून शिक्षकाच्या शेजारी बसले, तर त्याला लोकांच्या मागणीचे वजन येते. मद्रासच्या गिल्डपासून डर्बनच्या वर्गणीपर्यंत शास्त्रींनी केले ते एवढेच आणि एवढे मोठे काम होते.

पुण्यात भारत सेवक समाज आणि त्याने १९३० मध्ये स्थापिलेली गोखले अर्थशास्त्र संस्था आजही आहे. डर्बनमध्ये शास्त्रींच्या नावाच्या इमारतीत अजूनही शाळा भरते. तेथे बसणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांना वलंगैमान कोठे आहे हे ठाऊक नसेल. त्यांच्या वर्गाचे छप्पर ज्या वर्गणीतून उभे राहिले, तिची एकेक रक्कम गोळा करणारा माणूस शाळामास्तर होता, एवढे त्यांना माहीत असले तरी पुरे.